मोडलेला डाव आणि न खेळलेल्या फेऱ्या

मागच्या व्याख्यानात आपण ‘शक्यता’ या शब्दाचे अर्थ पाहिले. आज एकच कोडं घेऊ. उत्तर छोटं आहे, पण ते कसं काढावं यावर मोठमोठी माणसं भांडली आहेत.

दोघे जण खेळताहेत. प्रत्येक फेरीत दोघांना जिंकण्याची सारखीच संधी. जो आधी तीन फेऱ्या जिंकेल त्याने सगळे पैसे न्यायचे. प्रत्येकाने ३२ पिस्टोल लावले आहेत. पिस्टोल म्हणजे त्या काळचं सोन्याचं नाणं, बंदुकीशी संबंध नाही! पहिल्याने दोन फेऱ्या जिंकल्या, दुसऱ्याने एक, आणि डाव मोडावा लागला. आता ही ६४ नाणी वाटायची कशी?

इटलीतल्या लुका पाचोलीने १४९४ च्या ग्रंथात अशा प्रश्नाला उत्तर दिलं : जिंकलेल्या फेऱ्यांच्या प्रमाणात. म्हणजे इथे दोनास एक. ऐकायला न्याय्य वाटतं. पण १५५६ मध्ये तार्ताल्याने खोट काढली. समजा, एकच फेरी झाली आणि डाव मोडला. मग जिंकणाऱ्याला सगळे पैसे, दुसऱ्याला शून्य? हे कोण मान्य करेल? तो तर म्हणाला, हा प्रश्न गणिताचा कमी आणि न्यायनिवाड्याचा जास्त आहे.

१६५४ मध्ये पॅरिसचा पास्कल आणि तुलूझचा फर्मा यांचा या प्रश्नावर पत्रव्यवहार झाला. दोघांनीही नजर वळवली. किती फेऱ्या जिंकल्या हे बघू नका, जिंकायला किती उरल्या ते बघा.

फर्माची रीत मोजणीची. जास्तीत जास्त दोन फेऱ्यांत निकाल लागणार. दोन्ही खेळल्या असं धरा. चार प्रकार होतात : पहिला-पहिला, पहिला-दुसरा, दुसरा-पहिला, दुसरा-दुसरा. यांतल्या तिनांत पैसे पहिल्याचे. म्हणून ४८ आणि १६.

पास्कल एकेक पाऊल टाकतो. पुढची फेरी पहिल्याने जिंकली तर त्याला ६४. हरला तर बरोबरी, म्हणजे ३२. तेव्हा ३२ त्याचे नक्कीच. उरलेल्या ३२ वर दोघांचा सारखा हक्क, म्हणून आणखी १६. एकूण ४८.

आता आक्षेप ऐका. रोबेरव्हाल या गणितज्ञाने विचारलं, जी फेरी खेळलीच जाणार नाही ती मोजता कशाला? पहिला लगेच जिंकला तर खेळ तिथेच संपतो. हा आक्षेप शब्दशः धरला तर प्रकार तीनच उरतात आणि पहिल्याचा वाटा होतो दोन तृतीयांश. तुम्ही हसू नका. बरोबर शंभर वर्षांनी, १७५४ मध्ये, दालांबेरसारख्या माणसाने फ्रेंच विश्वकोशात नाणेफेकीबद्दल हाच हिशेब मांडला!

चूक कुठे आहे? प्रकार तीन आहेत हे खरं, पण त्यांचं वजन सारखं नाही. पहिला लगेच जिंकण्याची शक्यता अर्धी, उरलेल्या दोन प्रकारांची पाव-पाव. पास्कलचं उत्तर असं होतं : निकाल लागल्यावरही उरलेली फेरी खेळली, तर पैसे कोणाचे हे बदलत नाही. म्हणजे ती काल्पनिक फेरी निरुपद्रवी आहे. माझ्या शब्दांत सांगायचं तर, तिच्यामुळे सगळे प्रकार समान वजनाचे होतात, आणि मग नुसतं मोजलं तरी चालतं.

गंमत म्हणजे तीन खेळाडूंच्या बाबतीत खुद्द पास्कलच अडखळला. पहिल्याला एक फेरी हवी, इतर दोघांना दोन-दोन. तीन फेऱ्यांचे २७ प्रकार होतात, आणि काहींत दोघे जिंकल्यासारखे दिसतात. फर्माने दाखवलं की आधी कोण पोचला ते पाहा, वाटे १७, ५, ५ असे पडतात. पास्कलने ते मान्य केलं.

श्रोत्यांतून प्रश्न आलाय : “सर, दोन्ही रीतींनी ४८ च येतात, तर वाद कशासाठी?” चांगला प्रश्न आहे. दोन तृतीयांश हे उत्तरही दोन वाटांनी आलं होतं, पाचोलीच्या आणि त्या तीन प्रकारांच्या. म्हणजे नुसता आकडा जुळला म्हणून तो खरा ठरत नाही. आपण कशाला ‘समान शक्य’ म्हणतोय, हे तपासावंच लागतं.

आणि तार्ताल्याचा न्यायाचा मुद्दा? तो राहतोच. पावसाने सामना अडला की पूर्वी नुसती धावांची सरासरी बघत. डकवर्थ-लुइस पद्धत उरलेली षटकं आणि हातातले गडी बघते. वाटणी झालेल्या खेळावर करायची की राहिलेल्या, हे आधी ठरवावं लागतं. गणित त्यानंतर सुरू होतं.