न दिसणारा दुकानदार

सुलतान बाजारात घेतलेले कापड विटले, तर आम्ही दुकानदाराच्या गादीपुढे जाऊन उभे राहतो. ऑनलाइन खरेदीत अशी गादी नसते. मागे आम्हांस फुटके घड्याळ आले. तीनदा लिहूनही उत्तर नाही. पैशापेक्षा ते मौन अधिक बोचले. वास्तविक २०२० च्या नियमांनुसार अशा दुकानांनी तक्रार-निवारण अधिकारी नेमून ४८ तासांत पोच व महिन्याच्या आत निवारण करावयाचे असते. आम्ही त्या अधिकाऱ्यास नियम दाखवून लिहिले. लगेच पोच आली, मागोमाग नवे घड्याळ आणि चुकीची कबुली. कबुलीमुळेच विश्वास परतला. असे न घडल्यास १९१५ या क्रमांकावर कळवावे. आपल्याच जिल्ह्यातील ग्राहक आयोगाकडेही दाद मागता येते. सभासदांनी पावती मात्र जपून ठेवावी.