फुंकर खोटं बोलत नाही!

मुलांनो, ३१ डिसेंबरच्या रात्री क्रांती चौकातून किंवा जालना रोडवरून जाताना नाकाबंदी पाहिली आहे का? पोलीसकाका गाडी थांबवतात, एक छोटं यंत्र पुढे करतात आणि म्हणतात, "यात जोरात फुंका."

माझ्या चौथीच्या वर्गातल्या एकानं विचारलं, "बाई, दारूचा वास तर लगेच येतो. मग यंत्र कशाला?"

प्रश्न छान आहे! पण वासावरून नुसता संशय येतो. पुराव्यासाठी आकडा लागतो.

प्यायलेली दारू रक्तात मिसळते. रक्त फुफ्फुसांत आलं की तिची थोडी वाफ श्वासात उतरते. यंत्रातल्या प्लॅटिनमवर ही वाफ आली की किंचित वीज तयार होते. दारू जास्त, तर वीज जास्त! त्यावरून यंत्र आकडा दाखवतं. १९५४ साली अमेरिकेत रॉबर्ट बोर्केनस्टाइन यांनी बनवलेलं यंत्र मात्र रसायनाच्या बदलत्या रंगावरून दारू ओळखायचं.

मोटार वाहन कायदा, १९८८ सांगतो, की १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून जास्त दारू असेल, तर गाडी चालवणं गुन्हा आहे. पोलीस अशा चालकाला वॉरंटशिवाय अटक करू शकतात. संशय असताना फुंकायला नकार दिला, तरीही अटक होऊ शकते.

आता गंमत ऐका. कायद्याचं घड्याळ पोलिसांनाही लागू असतं, बरं का! अटकेपासून दोन तासांच्या आत डॉक्टरांकडून तपासणी झालीच पाहिजे. नाही झाली, तर त्या माणसाला सोडावं लागतं. शिक्षाही पोलीस देत नाहीत, न्यायालय देतं. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही.

एवढी कडक शिक्षा का? ताशी ४० किलोमीटर वेगानं गाडी एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते. दारूमुळे ब्रेक दाबायला एवढा एक सेकंद जरी उशीर झाला, तरी रस्ता ओलांडणारं एखादं मूल घरी पोचत नाही.

म्हणून लक्षात ठेवा, लग्नाहून परतताना चालवणारे काका प्यायलेले वाटले, तर गाडीत बसू नका. आईला सांगा. हा उद्धटपणा नव्हे, शहाणपणा आहे.

आणि पालकहो, मूल असं म्हणालं तर रागावू नका. त्याचं ऐका.