दोन ओळींचा रिव्ह्यू: आवडता पिक्चर, आवडतं गाणं कसं आणि कुठे नोंदवायचं?

"एखादा चांगला पिक्चर सुचव ना," असं कुणी म्हटलं की नेमकं काहीच आठवत नाही. तुमचंही असं होतं ना? वर्षभरात आपण भरपूर बघतो, ऐकतो. पण ॲपच्या हिस्टरीत उरतं ते फक्त नाव. ते का आवडलं, हे कुठेच राहत नाही. यावर सोपा उपाय म्हणजे दोन ओळींचा रिव्ह्यू. चला, पाहूया.

दोन ओळींत काय लिहायचं?

अख्खी कथा सांगू नका, ती कुठेही मिळते. "अप्रतिम", "जबरदस्त" हे शब्दही टाळा. सहा महिन्यांनी त्यातून काहीच कळत नाही. एकच प्रसंग किंवा एकच आवाज पकडा आणि तुम्हाला काय वाटलं ते लिहा. उदाहरणार्थ:

- श्वास (2004): "ऑपरेशननंतर नातवाला दिसणार नाही, म्हणून आजोबा त्याला आधी शहर फिरवून आणतात. पिक्चर संपल्यावर मी पहिला फोन आजोबांना लावला."
- सैराट, अल्बम (2016): "चारच गाणी, एकही पुढे ढकलावंसं वाटत नाही. 'झिंगाट' वरातीत ऐका, 'याड लागलं' मात्र हेडफोनवर."

कुठे लिहायचं?

चित्रपटांसाठी लेटरबॉक्स्ड हे ॲप सोयीचं आहे. 2011 मध्ये न्यूझीलंडमध्ये सुरू झालेलं हे ॲप मोफत वापरता येतं आणि त्यात मराठीतही लिहिता येतं.

1. खातं उघडा आणि चित्रपट शोधा.
2. पाहिल्याची तारीख टाका, हवे तर स्टार द्या.
3. दोन ओळी लिहा. शेवट फुटत असेल, तर स्पॉयलरच्या खुणेवर टिक करा.

गाण्यांसाठी गूगल शीट पुरते. तारीख, गाणं किंवा अल्बम, कलाकार आणि दोन ओळी, असे चार कॉलम करा.

मराठीत अक्षरं लवकर का संपतात?

हाच रिव्ह्यू एक्सवर टाकायचा असेल, तर साध्या खात्याला 280 अक्षरांची मर्यादा आहे. आपल्याला "श्री" हे एकच अक्षर दिसतं, पण कॉम्प्युटर श, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी असे 4 मोजतो. म्हणजे काना, मात्रा, वेलांटी सगळं हिशेबात धरलं जातं. त्यामुळे मराठीत आटोपशीर लिहिणं भागच पडतं.

बॅकअप विसरू नका

ऑर्कुट 2014 मध्ये बंद झालं, गूगल प्लस 2019 मध्ये. ज्यांनी आपलं लिखाण वेळेत उतरवून घेतलं नाही, त्यांचं ते गेलंच. म्हणून लेटरबॉक्स्डच्या वेबसाइटवर सेटिंग्जमधल्या डेटा विभागात जाऊन अधूनमधून एक्स्पोर्ट करा. झिप फाइल मिळेल, तिच्यात तुमचे रिव्ह्यू सीएसव्ही स्वरूपात असतात. एक्सेलमध्ये थेट उघडल्यावर कधीकधी मराठीच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात. घाबरू नका, मजकूर शाबूत असतो. तीच फाइल गूगल शीटमध्ये उघडून बघा.

सुरुवात मोठी नको. शेवटचा आवडलेला एक पिक्चर आणि सध्या मनात घोळणारं एक गाणं, एवढंच आज लिहून ठेवा. पुढच्या वेळी कुणी "काय बघू?" विचारलं, की नावासोबत कारणही सांगता येईल.