सायकलचे आसन आणि स्त्रीचे माप

नेवासे तालुक्यातील शनिशिंगणापूर हे गाव घरांना कवाडे न लावण्याच्या प्रथेमुळे देशभर ठाऊक झाले. पुढे ते आणखी एका प्रश्नामुळे वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आले. उघड्या चौथऱ्यावरील शनीच्या शिळेपाशी स्त्रियांनी जावे की नाही, हा तो प्रश्न. २६ जानेवारी २०१६ रोजी चौथऱ्याकडे निघालेला महिलांचा मोर्चा पोलिसांनी सुपे येथे अडविला. १ एप्रिल रोजी मुंबई उच्च न्यायालयाने मंदिरप्रवेशाचा स्त्रियांचा हक्क स्पष्ट शब्दांत मान्य केला, आणि ८ एप्रिलला, गुढीपाडव्याच्या दिवशी, देवस्थानच्या विश्वस्तांनी चौथरा स्त्री-पुरुष सर्वांस खुला केला. तो वाद तेथे मिटला.

परंतु हक्क मान्य झाला म्हणजे सोय झाली असे नव्हे. हक्कासाठी मोर्चे निघतात, न्यायालये निकाल देतात; सोयीचा प्रश्न मात्र क्षुल्लक मानून सोडून दिला जातो. याचे एक साधे उदाहरण शिंगणापूरहून सोनईकडे जाणाऱ्या रस्त्यावर सापडावे. अंतर पाच-सहा किलोमीटरांचे, रस्ता सपाट, दुतर्फा उसाचे मळे. सोनईला महाविद्यालय आहे, बाजार आहे, साखर कारखाना आहे. सायकलने जाण्यासाठी याहून सोयीचे अंतर कोणते असणार?

मुलीने सायकल चालवावी की नाही, हा वाद महाराष्ट्रात केव्हाच संपला. राज्य शासनाने मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील शाळकरी मुलींस सायकली दिल्या. बिहारने २००६ साली अशीच योजना सुरू केली आणि तिचा गवगवा परदेशांतही झाला. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी यांनी २०१८ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, सुमारे २९ हजार किलोमीटरांची पृथ्वीप्रदक्षिणा सायकलवरून पुरी केली. असे असूनही शाळेत असताना रोज सायकल दामटणारी मुलगी पुढे ती भिंतीला टेकवून ठेवते, हे दृश्य घरोघरी परिचयाचे आहे. याची कारणे अनेक असतात आणि ती मोकळेपणाने सांगितलीही जातात. एक कारण तेवढे सांगितले जात नाही: सायकलची सीट दुखते. कोठे दुखते, हे आईजवळ बोलतानाही संकोच वाटतो; दुकानदाराजवळ बोलण्याची तर गोष्टच नको. मग दोष सीटचा न ठरता शरीराचा ठरतो, आणि सायकल सुटते.

वस्तुतः यात गूढ असे काही नाही. माणूस ताठ बसतो तेव्हा त्याचा भार मांसावर नव्हे, तर कटिराच्या तळाशी असलेल्या दोन गोलसर उंचवट्यांवर पडतो. त्यांना बैठकीची हाडे म्हणता येईल. प्रसूतीच्या सोयीसाठी निसर्गाने स्त्रीचे कटीर अधिक रुंद घडविले आहे. त्यामुळे या दोन हाडांतील अंतरही पुरुषांपेक्षा सरासरीने अधिक असते. प्रौढ स्त्रियांत ते साधारणतः ११ ते १५ सेंटिमीटरांच्या दरम्यान भरते. सीट याहून अरुंद असली, तर हाडे तिच्या कडांवरून बाहेर उतरतात आणि सारा भार मधल्या नाजूक भागावर येतो. बधिरपणा, कातडी सोलवटणे, गळवे, लघवीच्या वेळी होणारी आग ही त्याची फळे होत.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. बैठकीच्या हाडांतील अंतर अंगलटीवरून कळत नाही. सडपातळ मुलीची हाडे रुंद असू शकतात आणि स्थूल स्त्रीची अरुंद. कपड्याच्या मापाचाही येथे उपयोग नाही. शिवाय वयात येताना मुलीचे कटीर रुंदावत जाते. आठवीत मानवलेली सीट बारावीत टोचू लागली, तर ती मुलगी नाजूक झाली असे समजण्याचे कारण नाही. तिचे माप बदलले, एवढेच.

या दुखण्यावर सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे सीटवर आणखी एक मऊ कव्हर चढविणे. तो बहुधा उलटतो. मऊ थरात हाडे रुततात, मधला भाग वर येतो आणि ज्या जागी दाब नको तेथेच तो वाढतो. ‘लेडीज सीट’ म्हणून मिळणारी भली रुंद, स्प्रिंगची सीटही सर्वांना लाभतेच असे नाही. ती हाडांच्या मानाने फार रुंद असली, तर मांड्या घासतात, बसणारी पुढे सरकते आणि अखेर सीटच्या अरुंद टोकावर येऊन बसते. सीट स्त्रियांची आहे, हे पुरेसे नाही. ती त्या स्त्रीची असली पाहिजे.

माप घेणे मात्र सोपे आहे आणि त्यासाठी कोणापाशी जावे लागत नाही. खोक्याचा पन्हाळीदार पुठ्ठा कठीण पायरीवर ठेवावा, त्यावर पातळ कपड्यानिशी ताठ बसावे, पाय थोडे उंचावर टेकवावेत आणि किंचित पुढे झुकून उठावे. पुठ्ठ्यावर दोन खळगे उमटतात. त्यांच्या मध्यबिंदूंतील अंतर पट्टीने मोजले की झाले. सीटच्या कडा उतरत्या असल्याने तिची सगळी रुंदी कामास येत नाही. म्हणून या अंतरात दोन-तीन सेंटिमीटर मिळवावेत. हँडल उंच असून पाठ ताठ राहत असेल, तर आणखी थोडी रुंदी लागते. पुढे वाकून चालविणारीस कमी पुरते, कारण वाकताना भार हाडांच्या पुढल्या, एकमेकांकडे वळत गेलेल्या भागावर सरकतो. मापाची सीट मिळाल्यावर ती सपाट बसवावी. टोक वर उचललेले असेल, तर चांगली सीटही छळते. उंची अशी ठेवावी की टाच पॅडलवर टेकली असता पाय सरळ व्हावा; सीट त्याहून वर गेली, की कंबर डावी-उजवीकडे हेलकावते आणि घर्षण वाढते. एका पान्याचे हे काम आहे.

सवयीने सारे बसते, असे यावर सांगितले जाईल. ते अर्धेच खरे आहे. नव्याने सायकल धरणारीची बैठकीची हाडे पहिले काही दिवस दुखतात आणि तो ठणका पंधरवड्यात ओसरतो. बधिरपणा आणि नाजूक भागाची वेदना मात्र सवयीने जात नाही; ती सहन करण्याची नव्हे, सीट बदलण्याची खूण आहे. पुरुषांनी ही वेदना सहन करण्यात भूषण मानले, असेही इतिहास सांगत नाही. बर्मिंगहॅमच्या जॉन ब्रुक्स यांना सायकलवरची बैठक असह्य झाली आणि त्यातून चामडी सीट निघाली, असे सांगतात. तिचे पेटंट त्यांनी १८८२ साली घेतले. पुरुषाच्या गैरसोयीतून एक कारखानदारी उभी राहिली. स्त्रिया सायकलवर बसू लागल्या, तेव्हा १८९० च्या दशकात पाश्चात्त्य डॉक्टरांनी चिंता व्यक्त केली ती त्यांच्या आरोग्याबरोबरच त्यांच्या शीलाचीही. त्याच काळात दोन गाद्यांची क्रिस्टी सीट अमेरिकेत निघाली होती आणि तिच्या जाहिरातींत कटिराची आकृती छापलेली असे. याचा अर्थ असा की प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वीच कळला होता. संकोचामुळे तो गावोगावच्या दुकानांपर्यंत पोहोचला नाही.

येथे कोणा नव्या संशोधनाची अपेक्षा नाही. मुलींना सायकली देणाऱ्या योजनांच्या निविदांत चाकाच्या आणि चौकटीच्या मापाबरोबर सीटच्या रुंदीचा एक रकाना असावा आणि दोन-तीन मापांतून निवड करण्याची मुभा मिळावी. विक्रेत्यांनी नवी सायकल देतानाच सीट बदलून द्यावी. किमतीत पडणारा फरक सायकलच्या मानाने थोडा असतो. शाळेत शिक्षिकांनी वर्षारंभी मुलींची पुठ्ठ्यावरील मापे घ्यावीत आणि हा विषय उंची-वजनाइतकाच साधा आहे, हे त्यांना कळू द्यावे. पायाचे माप न घेता चप्पल कोणी विकत घेत नाही. रोज दहा-बारा किलोमीटर जिच्यावर बसून जायचे, ती सीट मात्र दुकानात जी लागलेली असेल ती घेतली जाते.

चौथऱ्यावर चढण्याचा हक्क मिळविण्यासाठी स्त्रियांना न्यायालयात जावे लागले. सायकलची सीट मिळविण्यासाठी तसे काही करावे लागणार नाही. पुठ्ठ्याचा तुकडा, पट्टी, पाना आणि दुखते ते दुखते म्हणण्याची मोकळीक एवढ्यावर हे काम होण्यासारखे आहे. यांपैकी पहिल्या तीन वस्तू कोणत्याही खेड्यात मिळतात. चौथी मिळवून देणे हे घरातील आणि शाळेतील वडीलधाऱ्यांचे काम आहे.