भाकर आणि विश्वास, लेखांक पाचवा : बँकेची पाटी बदलते तेव्हा

मागच्या लेखांकात कर्जाच्या काळजीविषयी लिहिलं होतं. आज नोकरीची काळजी, आणि तीही आपली संस्था दुसऱ्या मोठ्या संस्थेत विलीन होत असतानाची.

मराठवाड्याला हा अनुभव नवा नाही. 1941 साली निजामाच्या राज्यात स्थापन झालेली हैदराबाद स्टेट बँक पुढे स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली. जालन्यात तिला सगळे ‘एसबीएच’च म्हणायचे. 1 एप्रिल 2017 रोजी ती भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली आणि पाट्या बदलल्या. कायम कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या सरसकट गेल्या नाहीत. पण स्वेच्छानिवृत्तीची योजना आली, शेजारशेजारच्या शाखा एक होणार म्हणून बदल्यांची धास्ती लागली, ज्येष्ठतेचं काय होणार हा घोर वेगळाच. आणि असं काही घडतं तेव्हा कंत्राटावरच्या सफाईवाल्याला, रोजंदारीवरच्या शिपायाला तर परिपत्रकसुद्धा येत नाही.

अशा कर्मचाऱ्याच्या घरात रात्री जेवणं उरकली की स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज समोर येतो. पाठच्या कोऱ्या बाजूवर बायको आकडे मांडते : घराचा हप्ता, मुलीची फी, सासूबाईंची औषधं. रविवारी उपासनेनंतर कुणी विचारलं तर मात्र उत्तर ठरलेलं, प्रभूची कृपा आहे. कृपा आहेच. पण भीती लपवणं म्हणजे विश्वास, अशी जी समजूत आपल्या मंडळीत रुजली आहे ती मला फार घातक वाटते.

जालन्याच्या मंडळीचा तर उगमच पोटाच्या प्रश्नाशी बांधलेला आहे. 1843 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले रेव्ह. नारायण शेषाद्री पुढे जालन्यात कामाला आले. त्यांच्याकडे येणारे बरेचसे लोक मांग आणि महार समाजातले. बाप्तिस्मा घेतला की गावकीतलं काम आणि त्यावरचा हक्क दोन्ही धोक्यात. शेषाद्रींनी त्यांना नुसता धीर दिला नाही. निजाम सरकारकडून जमीन मिळवली आणि जालन्याजवळ बेथेल वसवलं. तिथे उपासनामंदिर उभं राहिलं, तशी घरं आणि शेतीही उभी राहिली. उद्या खायचं काय, या प्रश्नाला त्यांनी अविश्वास म्हटलं नाही.

मत्तयाच्या 20व्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा दाखला या संदर्भात पुन्हा वाचावा. मळ्याचा धनी दिवस कलताना बाजारात जातो, तरी माणसं उभीच असतात, कारण त्यांना कुणी कामाला लावलेलं नसतं. सकाळी मजूर अड्ड्यावर थांबलेला आणि दहा वाजले तरी मुकादमाने न बोलावलेला माणूस ज्याने पाहिला आहे, त्याला हा दाखला समजावून सांगावा लागत नाही. धनी त्यांना आळशी ठरवत नाही. मळ्यात पाठवतो आणि संध्याकाळी पूर्ण दिवसाची मजुरी हातावर ठेवतो. कुणी कामाला लावलं नाही म्हणून माणूस देवाच्या हिशेबात उणा ठरत नाही, हे मला त्यातून कळतं. ही नोकरी टिकेलच, असं मात्र शास्त्र कुठेही सांगत नाही, आणि पाळकांनीही तसं आश्वासन देऊ नये.

मग मंडळीने करायचं काय? प्रार्थना सभेत नावं घेऊन प्रार्थना करावी, आणि तिथेच कागदही उघडावेत. उद्योग दुसऱ्याच्या हाती गेला तर सेवा अखंड धरली जावी, अटी आधीपेक्षा वाईट नसाव्यात, नाहीतर कामगाराला भरपाई मिळावी, हे तत्त्व 1947च्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम 25 एफएफमध्ये होतं. 2020च्या औद्योगिक संबंध संहितेतही ते आलं आहे. बँकेतून निवृत्त झालेले, युनियनमध्ये काम केलेले, वकिली करणारे लोक मंडळीत असतात. त्यांनी एक संध्याकाळ द्यावी. अर्जावर सही करण्याआधी निवृत्तिवेतनाचा हिशेब कुणीतरी सोबत बसून करावा. कंत्राटी कामगाराच्या नावावर भविष्यनिर्वाह निधी खरंच भरला गेला आहे का, हेही त्याच बैठकीत तपासून घ्यावं.

पुढच्या आठवड्यात : पगार थांबल्यावर दशांशाचं काय?