सरळ वाटेचा सोबती

मुंबई-पुणें द्रुतगती मार्ग २००२ सालीं पूर्ण झाला. मावळांतील त्याच्या सरळ पट्ट्यावर ताशी १०० किलोमीटर वेगानें जाणारी मोटार एका सेकंदांत सुमारें २८ मीटर अंतर तोडते. चालकाची नजर क्षणभर ढळली, तरी तेवढें अंतर हातचें जातें. म्हणून कित्येक नव्या मोटारींत अंतर राखणारें वेगनियंत्रक यंत्र बसविलेलें असतें. तें रडारच्या लहरी पुढें सोडतें; पुढच्या वाहनावर आपटून त्या परततात. परतण्यास लागलेल्या काळावरून अंतर, आणि लहरींच्या कंपनसंख्येंत पडलेल्या फरकावरून दोन्ही वाहनांच्या वेगांतील तफावत कळते. अंतर घटलें कीं यंत्र वेग आवरतें. वाट मोकळी होतांच चालकानें ठरविलेला वेग पुन्हां धरतें.

परंतु लोणावळ्यापुढें बोरघाट लागतो. तेथें वळणावर पुढचा मालट्रक लहरींच्या अरुंद झोतांतून निसटला, तर वाट मोकळी झाली असें समजून यंत्र वेग वाढवूं शकतें. उभ्या वाहनाची दखल तें घेईलच, असा भरंवसा नाहीं. पावसाळ्यांतील धुक्यांतूनही लहरी पुढचें वाहन हेरतात. पण रस्ता किती निसरडा झाला, हें त्यांस उमगत नाहीं. यास्तव घाटाच्या तोंडाशींच यंत्र बंद करावें. हा सोबती सरळ वाटेचा. घाटांतील सारथ्य माणसाचेंच.