भाव दिसतो, किंमत काढावी लागते: शेअरबद्दलचे सहा गैरसमज

गावाकडे वीस गुंठे जमीन घ्यायची असली तरी आपण सातबारा काढतो, फेरफार तपासतो, कुणाचा बोजा चढलाय का ते बघतो आणि चार वेळा बांधावर जाऊन येतो. तेवढ्याच पैशांचे शेअर घेताना मात्र मोबाइलवरचा भाव आणि कुणाचा तरी सल्ला एवढ्यावर भागवतो. शेअर म्हणजे चालत्या धंद्यातली मालकी. त्या धंद्याचाही सातबारा असतो आणि तो कुणालाही वाचता येतो. आड येतात ते मनात घट्ट बसलेले काही गैरसमज.

गैरसमज 1: ताळेबंद वाचणं हे सीएचं काम.

वस्तुस्थिती: हिशेब तपासणं सीएचं काम. वाचायला शाळेतलं गणित पुरतं. नफा-तोटा पत्रक वर्षभराची कमाई सांगतं. ताळेबंद एका ठरावीक तारखेला मालकीचं काय आणि देणं किती, ते सांगतो. पैसा प्रत्यक्षात कुठून आला नि कुठे गेला, ते रोख प्रवाह पत्रकात कळतं. सेबीच्या नियमांनुसार सूचीबद्ध कंपनीला पहिल्या तीन तिमाहींचे निकाल 45 दिवसांत आणि वर्षाचे निकाल 60 दिवसांत जाहीर करावे लागतात. वार्षिक अहवाल शेअर बाजारांच्या संकेतस्थळांवर फुकट मिळतात.

गैरसमज 2: दहा रुपयांचा शेअर स्वस्त, लाखाचा महाग.

वस्तुस्थिती: जून 2023 मध्ये एमआरएफच्या शेअरने एक लाख रुपयांचा टप्पा ओलांडला. त्याच सुमारास व्होडाफोन आयडियाचा शेअर सात-आठ रुपयांना मिळत होता. आता शेअरच्या संख्येने गुणून पाहा. एमआरएफचे शेअर जेमतेम 42 लाख 41 हजार, म्हणजे अख्ख्या कंपनीचं बाजारमूल्य सुमारे 42 हजार कोटी. व्होडाफोन आयडियाचे शेअर 4,800 कोटींहून अधिक, म्हणजे तिचं मूल्यही 34 ते 39 हजार कोटींच्या घरात. एक शेअर लाखाचा, दुसरा चहाच्या कपापेक्षा स्वस्त, पण दोन्ही कंपन्या बाजाराने जवळपास एकाच मापाने तोलल्या होत्या. शिवाय व्होडाफोन आयडियाच्या डोक्यावर दोन लाख कोटींहून अधिक कर्ज होतं. जमीन घेणारा बोजासकट हिशेब करतो, तसाच इथेही करायचा: शेअरचं बाजारमूल्य अधिक कर्ज, वजा हातातली रोकड.

गैरसमज 3: नफा झाला म्हणजे पैसा आला.

वस्तुस्थिती: तालुक्याच्या गावातल्या एका सिमेंट विक्रेत्याचं उदाहरण घेऊ. वर्षभरात त्याने 50 लाखांचा माल विकला. खरेदी आणि खर्च 45 लाख. वहीत 5 लाखांचा नफा दिसतो. पण 12 लाखांची उधारी अजून वसूल व्हायचीय आणि कंपनीचं बिल, भाडं, हमालांची मजुरी असे सगळे 45 लाख देऊन झालेत. आले 38 लाख, गेले 45 लाख. नफ्याचा धंदा, आणि गल्ल्याला 7 लाखांची तूट! ती तो कर्ज काढून भरतो. मोठ्या कंपन्यांतही हेच घडतं. तिथे उधारीला ‘येणी’ म्हणतात, एवढंच. म्हणून निदान पाच वर्षांचा नफा एका रकान्यात लिहा आणि शेजारी व्यवसायातून आलेली रोख मांडा. एखाद्या वर्षी रोख कमी पडली तर कारण शोधा. वर्षानुवर्षं नफा वाढतोय, येणी विक्रीपेक्षा वेगाने फुगताहेत आणि रोख येतच नाहीये, असं दिसलं तर तिथे आपली बचत घालू नये.

गैरसमज 4: लेखापरीक्षकाची सही आहे, म्हणजे सगळं ठीक.

वस्तुस्थिती: 7 जानेवारी 2009 रोजी सत्यम कॉम्प्युटर्सचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून कबुली दिली. सप्टेंबर 2008 अखेरच्या ताळेबंदात दाखवलेल्या 5,361 कोटींच्या रोख आणि बँक शिलकीपैकी 5,040 कोटी अस्तित्वातच नव्हते. खात्यांवर नामांकित लेखापरीक्षकांच्या सह्या होत्या. लेखापरीक्षण म्हणजे हमी नव्हे, ते तपासणीनंतरचं मत असतं. तरीही ते वाचायलाच हवं. मत बिनशर्त आहे की काही राखून ठेवलंय, हे अध्यक्षांच्या रंगीत निवेदनाआधी बघा. मग हिशेबाच्या टिपांकडे वळा: प्रवर्तकांच्या इतर कंपन्यांशी झालेले व्यवहार, न्यायालयात अडकलेली देणी, प्रवर्तकांनी गहाण टाकलेले शेअर. डिसेंबर 2008 मध्ये सत्यमने राजू कुटुंबाच्याच मायटास कंपन्या विकत घेण्याचा घाट घातला होता. गुंतवणूकदारांच्या संतापामुळे तो काही तासांत मागे घ्यावा लागला. कबुलीपत्र त्यानंतर तीन आठवड्यांनी आलं.

गैरसमज 5: पीई कमी म्हणजे शेअर स्वस्त.

वस्तुस्थिती: शेअरच्या भावाला प्रतिशेअर नफ्याने भागलं की पीई मिळतो. पोलाद, साखर, सिमेंट यांसारख्या धंद्यांत नफा भरती-ओहोटीसारखा असतो. टाटा स्टीलला 2021-22 मध्ये 41 हजार कोटींहून अधिक नफा झाला. मार्च 2022 अखेर पीई चारच्या आसपास होता. पुढच्या वर्षी नफा आठ हजार कोटींवर आला आणि 2023-24 मध्ये कंपनी तोट्यात गेली. भरतीच्या वर्षी पीई सगळ्यात कमी दिसतो, कारण भागाकारातला नफा फुगलेला असतो. अशा धंद्यात सात-आठ वर्षांच्या सरासरी नफ्यावर भाव तपासावा.

गैरसमज 6: तज्ज्ञांना शेअरची नेमकी किंमत काढता येते.

वस्तुस्थिती: समजा, एका कंपनीत पुढच्या वर्षी मालकांसाठी 100 कोटी रोख उरेल आणि तुम्हाला 12 टक्के परतावा हवाय. ही रोख कायम 5 टक्क्यांनी वाढेल असं धरलं तर 100 ला 12 वजा 5, म्हणजे 7 टक्क्यांनी भागायचं. किंमत येते सुमारे 1,430 कोटी. वाढ 7 टक्के धरली तर तीच किंमत थेट 2,000 कोटी! कंपनी तीच आहे, फक्त आपला अंदाज दोन टक्क्यांनी हलला. म्हणून किंमत पट्ट्यात मांडायची आणि खालच्या टोकापेक्षाही बऱ्यापैकी कमी भावात मिळाली तरच घ्यायची. बेंजामिन ग्रॅहम यांनी 1949 च्या ‘द इंटेलिजंट इन्व्हेस्टर’ या पुस्तकात सांगितलेली सुरक्षेची मोकळी जागा ती हीच.

सुरुवात एका कंपनीपासून करा, जिचा धंदा तुम्हाला समजतो अशा. वहीच्या एका पानावर पाच वर्षांची विक्री, नफा, आलेली रोख, कर्ज आणि शेअरची संख्या लिहा. त्याखाली आजच्या भावाने अख्खी कंपनी बोजासकट कितीला पडते, ते मांडा. एवढी किंमत देऊन हा धंदा आपण घरी आणला असता का? ‘हो’ म्हणायला मन कचरत असेल, तर त्यातला एक शेअरही घ्यायचं कारण नाही.